दहावा तालुका

सिडको, छत्रपती संभाजीनगर

चि. सोनू,

तुझा प्रोग्रॅम नीट वाचला. गावोगावच्या जुन्या सात-बारा उताऱ्यांचे आणि फेरफारांचे स्कॅन उचलायचे, स्कॅनसोबत टाइप केलेल्या नोंदीवरून जिल्हा, तालुका, गाव ओळखायचं, तसे फोल्डर करायचे आणि कागद ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा, एवढं त्याचं काम. ते तू थोडक्या ओळींत छान बसवलं आहेस. तुझा प्रश्न असा की, कुठेही एरर येत नाही, काम भराभर होतं, मग जिल्ह्याच्या फोल्डरात दहा तालुके कसे दिसतात? आपल्या जिल्ह्यात तर नऊच: छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड आणि सोयगाव. दहावा कोणता ते तूच शोधलंस: 'पैठन'. स्कॅन करणाऱ्याने 'ण'च्या जागी 'न' टाइप केला आणि तुझ्या प्रोग्रॅमने निमूटपणे नवा तालुका स्थापन केला. सरकारला त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. तुला एक ओळ पुरली.

उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. एरर येत नाही, म्हणूनच दहा दिसतात.

पायथॉनमध्ये फोल्डर करायचे दोन हुकूम आहेत. 'मेकडिर' एकच फोल्डर करतो. त्याच्या वरचा फोल्डर जागेवर नसेल तर एरर देऊन थांबतो. 'मेकडिर्स' मात्र वाटेत जे जे फोल्डर नसतील ते सगळे करत पुढे जातो. २०११ साली आलेल्या ३.२ आवृत्तीपासून त्याला आणखी एक सवलत मिळाली, 'एक्झिस्ट ओके'. म्हणजे फोल्डर आधीच असला तरी कुरकुर करायची नाही. लिनक्सवर 'एमकेडिर'ला 'मायनस पी' लावलं की हेच होतं. जावात, सी शार्पमध्ये, नोडमध्ये, सगळीकडे या ना त्या नावाने ही सोय आहे आणि एकदा ती हाताशी आली की माणूस साधा हुकूम विसरून जातो. तूही सगळीकडे 'मेकडिर्स'च वापरला आहेस, फक्त 'एक्झिस्ट ओके' न लावता. अशा प्रोग्रॅमला 'अमुक जागी ठेव' म्हटलं की तो ठेवतो. ती जागा मुळात असायला हवी होती का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: नवा फोल्डर करण्याचा अधिकार अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकाच जागी ठेव आणि तिथेही तो मान्य यादी समोर ठेवून वापर. बाकी सगळीकडे फोल्डर सापडला नाही तर प्रोग्रॅमने अडून बसावं. कामाला वेळ लागेल, सुरुवातीला एररचा पाऊस पडेल, पडू दे. प्रत्येक एरर म्हणजे 'पैठन'सारखा एक कागद, जो आज तुझ्या हातात सापडला. नाहीतर तो पाच वर्षांनी कुण्या शेतकऱ्याला हवा असेल तेव्हा सापडणार नाही.

आता तुझ्याच फोल्डरात आणखी खाली उतरून बघ. कुठल्याही एका गावात जा आणि गट नंबरांचे फोल्डर उघड. सात-बारावर पोटहिस्सा कसा लिहितात? ४५/२/१. कागदावर ती साधी तिरकी रेघ आहे. पाथमध्ये मात्र ती खाली उतरायची पायरी ठरते. तुझ्या प्रोग्रॅमने '४५' केला, त्याच्या पोटात '२' केला, त्याच्या पोटात '१' केला आणि उतारा त्या तळघरात ठेवून दिला. आता '४५' उघडणाऱ्याला मूळ गटाचा उतारा आणि '२' नावाचा एक अनाथ फोल्डर शेजारी शेजारी दिसणार. साधा 'मेकडिर' असता तर पहिल्याच पोटहिश्शाला 'वरचा फोल्डर नाही' म्हणून ओरडला असता आणि तुला तिथल्या तिथे उमगलं असतं. तिरकी रेघ काढून त्या जागी आडवी रेघ घाल. आणि हे करतेच आहेस तर हेही बघ, की बाहेरून आलेल्या नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ असेल तर प्रोग्रॅम चढून वरच्या फोल्डरात जातो. आज स्कॅन करणारी माणसं आपली आहेत. उद्या तेच नाव एखाद्या फॉर्ममधून आलं, तर कुणीही तुझ्या सर्व्हरवर हव्या त्या खोलीत शिरेल.

वाटेतले फोल्डर आपोआप करण्याच्या या सवलतीचा सगळ्यात महागडा प्रकार मी एका कार्यालयात पाहिला. नाव घेत नाही. तिथे रोज रात्री सगळे स्कॅन दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवले जात. एके रात्री वीज गेली, यूपीएस दमला, सकाळी सर्व्हर पुन्हा उठला, पण ती मोठी डिस्क जोडली गेली नाही. लिनक्समध्ये डिस्क जोडायची जागा हा एक साधा रिकामा फोल्डर असतो. डिस्क नसली तरी तो फोल्डर असतोच. रात्री प्रोग्रॅम आला, त्याला आतले फोल्डर दिसले नाहीत, त्याने सगळा जिल्हा नव्याने उभा केला आणि सर्व्हरच्या स्वतःच्या छोट्या डिस्कवर कॉपी करत सुटला. अहवालात रोज 'यशस्वी'. छोटी डिस्क भरल्यावर सगळंच बंद पडलं. मग कुणीतरी मोठी डिस्क जोडली, आणि जोडताच आधीचे ते फोल्डर तिच्याखाली झाकले गेले. जागा भरलेली दिसते, पण कशाने भरली ते दिसत नाही. तिथल्या पोरांनी दोन दिवस डोकं खाजवलं. त्या प्रोग्रॅमने आधी 'डिस्क जोडलेली आहे का' एवढं विचारलं असतं, किंवा तळाचा फोल्डर स्वतः करायला नकार दिला असता, तर पहिल्याच रात्री कळलं असतं.

तुला वाटेल, मामा एका ओळीचं केवढं पुराण लावतो. पण या ओळीमागे खरंच पुराण आहे, थोडक्यात सांगतो. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत फोल्डर करण्याचा वेगळा हुकूम गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नव्हताच. 'एमकेडिर' हा एक छोटा प्रोग्रॅम होता आणि तो काम तुकड्यातुकड्यांनी करायचा. आधी रिकामी नोंद तयार करायची, मग तिची मालकी वापरणाऱ्याच्या नावे करायची, मग आत एक टिंब बांधायचं, जे फोल्डरकडेच बोट दाखवतं, आणि मग दोन टिंबं, जी वरच्या फोल्डरकडे. पहिली पायरी फक्त सुपरयूजरला करता येत असल्यामुळे या प्रोग्रॅमला ते बळ कायमचं देऊन ठेवलेलं. मध्येच वीज गेली तर ना बाप ना पत्ता असा अर्धवट फोल्डर उरायचा. त्याहून वाईट म्हणजे, पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मधल्या क्षणी एखाद्या चलाखाने ती नोंद काढून तिथे पासवर्डच्या फाइलची लिंक ठेवली, तर प्रोग्रॅम पासवर्डच्या फाइलची मालकीच त्याच्या हाती देऊन मोकळा! १९८३ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडीने हे सगळं गाभ्यात नेऊन एकच अखंड हुकूम केला. होईल तर पूर्ण होईल, नाहीतर होणारच नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि पीसीवरही फोल्डरात फोल्डर करता येऊ लागले. त्याआधीच्या डॉसमध्ये सगळ्या फाइली एकाच पसाऱ्यात पडलेल्या असत.

ते टिंब आजही आहे आणि तुझ्या कामाचं आहे. सर्व्हरवर 'एलएस मायनस एल' करून दुसरा रकाना बघ. तुझ्या सर्व्हरवर एक्स्ट-४ आहे असं तू लिहिलंस, त्यात नव्या रिकाम्या फोल्डरापुढे २ दिसतं. एक त्याचं वरच्या फोल्डरातलं नाव आणि दुसरं त्याचं स्वतःचं टिंब. आत जितके फोल्डर करशील तितकी भर पडते, कारण प्रत्येकातली दोन टिंबं याच्याकडे बोट दाखवतात. नऊ तालुक्यांच्या जिल्ह्यापुढे ११ दिसायला हवेत. तुझ्याकडे १२ दिसत असतील. आत न शिरता, एकही नाव न वाचता, उपरा तालुका पकडायची ही युक्ती मला फार आवडते. सगळ्या फाइल सिस्टिमना ती लागू नाही, बीटीआरएफएसवर चालणार नाही, पण इथे चालेल.

अखंड हुकमाचा फायदा तू मात्र घालवते आहेस. तुझ्या प्रोग्रॅममध्ये आधी 'हा फोल्डर आहे का' असं विचारलं आहे आणि नसेल तर पुढच्या ओळीत केला आहे. एकच स्कॅनर आहे तोवर ठीक. पुढच्या महिन्यात दोन लावणार म्हणतेस ना? पहिल्याने विचारलं, सिल्लोड आहे का? नाही. त्याच निमिषात दुसऱ्याने विचारलं, त्यालाही 'नाही'. पहिल्याने केला. दुसरा करायला गेला आणि 'आधीच आहे' म्हणून कोसळला. हे महिन्यातून एखाद्याच दिवशी होईल, आणि तू बघायला बसशील तेव्हा हमखास होणार नाही. म्हणून विचारू नकोस, थेट कर. 'आधीच आहे' हे उत्तर आलं तर ते आपल्याला हवंच होतं असं समजून पुढे जा. 'एक्झिस्ट ओके' इथे कामाला येतो, आणि त्या नावाची फोल्डरऐवजी फाइल पडलेली असेल तर तो एरर देतोच, हेही त्याचं शहाणपण. म्हणजे या दोन सवलती एकाच माळेच्या नाहीत. 'आधीच असेल तर असू दे' ही घे. 'वरचं नसेल तर तेही करून टाक' ही काढ.

परमिशनचं तू लिहिलंस, त्यावर फार बोलत नाही. ७७७ मागूनही ७५५ मिळतं, कारण युमास्क ०२२ मधले बिट गळून पडतात. पायथॉनच्या ३.७ पासून तर 'मेकडिर्स'ला दिलेली परमिशन शेवटच्या फोल्डरालाच लागते, वाटेतल्यांना लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. रात्रीचं काम रूटच्या नावाने चालतं म्हणून सगळे फोल्डर रूटचे होतात आणि सकाळी टेबलावरच्या माणसाला त्यात काही ठेवता येत नाही. उपाय म्हणजे स्कॅन करणाऱ्यांचा एक ग्रुप कर, तळाच्या फोल्डराला तो ग्रुप आणि २७७५ दे, काम त्याच ग्रुपातल्या साध्या यूजरकडून चालव. पुढचे सगळे फोल्डर तो ग्रुप आपसूक उचलतील. युमास्क मात्र ००२ ठेवायला विसरू नकोस. वैतागून सगळ्याला ७७७ करून मोकळं होण्याची सवय मला मुळीच खपत नाही. ती जमिनीची कागदपत्रं आहेत.

आता खरी गोष्ट, नावांची. ही या शहरात बसून लिहायला मला कुणाचे दाखले शोधावे लागत नाहीत.

तुझ्याकडे आजवर जुनेच कागद आले, म्हणून जिल्ह्याचा फोल्डर एकच आहे, 'औरंगाबाद'. उद्या २०२४ मधला उतारा येईल आणि शेजारी 'छत्रपती संभाजीनगर' उभा राहील, त्यात पुन्हा नऊ तालुके. केंद्राने शहराच्या नावाला संमती दिली ती २४ फेब्रुवारी २०२३ ला, आणि जिल्हा, तालुका वगैरेंची अधिसूचना निघाली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. म्हणजे मधले काही महिने शहर एका नावाचं आणि जिल्हा दुसऱ्या नावाचा. उच्च न्यायालयाचं खंडपीठ नंतरही औरंगाबाद खंडपीठच राहिलं. २०२४ ची लोकसभा निवडणूक औरंगाबाद मतदारसंघातच झाली. बिहारातही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, तो वेगळाच. आणि हे काही पहिल्यांदा घडत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली. १६२६ मध्ये तो गेल्यावर मुलाने, फतेहखानाने, तिचं फतेहनगर केलं. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६५३ मध्ये औरंगाबाद झालं. जमीन तीच, खाम नदी तीच. आपल्या विद्यापीठाचंच बघ. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झालं, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तुझ्या मावशीचं प्रमाणपत्र एका नावाचं, तुझं दुसऱ्या.

नाव बदललं की फोल्डरचं नाव बदलता येतं, एक हुकूम आहे. पण त्या फोल्डरचा पाथ किती ठिकाणी लिहून ठेवलेला असतो? डेटाबेसच्या ओळींत, कुणाच्या एक्सेलमध्ये, कुणाच्या डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये, रात्रीच्या बॅकअपमध्ये. फोल्डर हलला की ते सगळे तोंडावर पडतात. म्हणून प्रोग्रॅमने जे फोल्डर करायचे ते क्रमांकाचे करावेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. त्याच जनगणनेत आपला जिल्हा ५१५. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत मात्र आपला जिल्हा ४६९. दोन्ही बरोबर आहेत, पण तू कोणत्या यादीतले घेतलेस ते ठळक लिहून ठेव, मिसळ करू नकोस. नावं एका तक्त्यात राहू दे: क्रमांक, नाव, केव्हापासून, केव्हापर्यंत. २०२३ मध्ये त्या तक्त्यात एक ओळ वाढली असती, एवढंच. एकाही फोल्डरला हात लागला नसता.

क्रमांकच का, अक्षरी कोड का नको, असं तू विचारणार हे ठाऊक आहे. आपलं स्टेशन १९०० मध्ये निजामाच्या रेल्वेने बांधलं. त्याचा कोड 'एडब्ल्यूबी' आपल्या पिढ्यान् पिढ्यांना पाठ. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेशनचं नाव बदललं आणि कोडही 'सीपीएसएन' झाला. कोडमध्येच नावाचा वास असला की नावाबरोबर तोही जातो. उलट गाड्यांचा एमएच-२०, पिन ४३१००१, फोनचा ०२४० यांना कुणी धक्का लावला नाही. आकडा मुका असतो, त्याच्यावरून कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

अजून एक पेच आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. नुसती नावंच बदलतात असं नाही, गाव कुणाच्या पोटात आहे हेही बदलतं. जालना जिल्हा १ मे १९८१ ला आपल्यातून वेगळा झाला. भोकरदनच्या १९७५ च्या कागदावर जिल्हा औरंगाबादच लिहिलेला असणार. तो तू कुठे ठेवशील? फुलंब्री हा तालुकाही नंतरचा, तिथल्या गावांच्या जुन्या कागदांवर दुसरेच तालुके दिसतील. जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव ही उतरंड कागदाच्या तारखेवर अवलंबून आहे. म्हणून माझं ऐकशील तर जिल्हा-तालुका हे फोल्डरच करू नकोस. एका तळाशी सगळ्या गावांचे सहा आकडी फोल्डर, बस. आपल्या जिल्ह्यापुरतं हे सहज मावेल. उद्या अख्ख्या राज्याचं काम आलं, चाळीस हजारांहून जास्त गावं, तर मात्र क्रमांकाच्या पहिल्या तीन आकड्यांची एक पायरी मध्ये घाल. जुन्या एक्स्ट-३ मध्ये एका फोल्डरात ३१,९९८ च्या वर फोल्डर मावतच नव्हते. एक्स्ट-४ मध्ये मावतात, पण इतकी लांब यादी एक्स्प्लोररमध्ये उघडणाऱ्या माणसाचा विचार कर.

माणसाला आकडे नकोत, त्याला 'पैठण' उघडून 'बिडकीन' बघायचं असतं, हेही खरं. त्यासाठी वेगळ्या जागी नावांची उतरंड उभी कर, पण ती नुसत्या लिंकांची. आतले कागद क्रमांकाच्या फोल्डरातच. ही उतरंड तक्त्यावरून रोज रात्री पाडायची आणि पुन्हा बांधायची. हवी तर १९८१ पूर्वीची एक आणि आजची एक, अशा दोन बांध. नाव बदललं, तालुका फुटला, जिल्हा फुटला, तरी सकाळी नवी उतरंड तयार. इथे प्रोग्रॅमला फोल्डर करायची हवी तेवढी मुभा दे. चुकला तर रात्री पुसलंच जाणार आहे.

नावं देवनागरीत असणार, तेव्हा तिथले खड्डे सांगतो. एक्स्ट-४ मध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइट खातं. 'औरंगाबाद'ला २४ लागतात, 'छत्रपती संभाजीनगर'ला मधल्या जागेसह ४९. म्हणजे एका नावात पंच्याऐंशी चिन्हं. गाव, गट, खातेदार, फेरफार क्रमांक, वर्ष असं सगळं एका नावात कोंबलंस तर मर्यादा येते. विंडोजचा हिशोब निराळा. तिथे सवयीने अख्खा पाथ २६० चिन्हांत बसवावा लागतो आणि नवा फोल्डर करायला २४८ च्या आतच.

मग आपल्याकडची बुद्रुक आणि खुर्द मंडळी. कागदावर सगळे 'बु.' आणि 'खु.' लिहितात, टिंबासह. विंडोज नावाच्या शेवटचं टिंब गुपचूप गाळतं. तू 'पिंपळगाव बु.' कर म्हणतेस, ते 'पिंपळगाव बु' करतं आणि झालं म्हणून सांगतं. मग तू फोल्डरांची यादी घेऊन त्यात टिंबासह नाव शोधतेस, ते सापडत नाही. करायला जातेस तर 'आधीच आहे'. सापडतही नाही आणि करताही येत नाही. ही भुताटकी पहिल्यांदा बघणाऱ्याचा दिवस जातो. पूर्ण 'बुद्रुक', 'खुर्द' लिही.

काही अक्षरं तर डोळ्यांना फसवतात. 'वऱ्हाड'मधला, 'कऱ्हाड'मधला तो ऱ घे. तो एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र'खाली नुक्ता देऊनही. पडद्यावर तेच दिसतं, पण आतले बाइट वेगळे, म्हणून लिनक्सवर एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदतात. युनिकोडचं एनएफसी नावाचं सामान्यीकरण यांना एक करतं, ते प्रत्येक नावाला फोल्डर करण्याआधी लाव. मात्र जुन्या कीबोर्डांवर हाच ऱ तिसऱ्या तऱ्हेने, अदृश्य जोडचिन्ह घालून उमटवत, त्याला एनएफसी हात लावत नाही. 'ॲ'चंही तेच. त्याला २००८ मध्ये स्वतंत्र चिन्ह मिळालं, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देत. ही दोन एनएफसीच्या लेखी वेगळीच. यांचा छोटा तक्ता तुला हाताने करावा लागेल. आकड्यांचंही सांभाळ. पायथॉन देवनागरी आकड्यांनाही आकडाच मानतो. तू 'हा आकडा आहे का' असं तपासलंस तर देवनागरीतला ४६९ आणि इंग्रजी आकड्यांतला, दोन्ही पास होतील आणि दोन फोल्डर होतील. आधी संख्या करून घे, मग तिचंच पुन्हा अक्षररूप कर, म्हणजे एकच साचा राहील.

वेरूळ आणि वेरुळ, खुलताबाद आणि खुलदाबाद, पिंपरी आणि पिंप्री, यांना मात्र कुठलंही सामान्यीकरण पुरं पडणार नाही. निजामाच्या काळातले कागद उर्दूत. १९५४-५५ च्या खासरा पत्रकांपासून मराठी दिसू लागतं, आणि उर्दूतून उतरवताना ज्याने जसं वाचलं तसं लिहिलं. यात चूक कोण, बरोबर कोण, हे प्रोग्रॅमने ठरवूच नये. दुसऱ्या तक्त्यात लिहायचं की, ही सगळी लिखाणं या एका क्रमांकाची. तक्त्यात नसलेलं लिखाण आलं की कागद 'तपासा' नावाच्या एकाच फोल्डरात जाईल आणि सकाळी गावं माहीत असलेला माणूस ते बघेल. तुमच्या ऑफिसात तहसीलमधून निवृत्त झालेले एक काका बसतात ना, त्यांना रोज तासभर हे काम दे. त्यांच्याइतकी वेगवान दुरुस्ती तुझ्याने लिहून होणार नाही.

सोमवारी द्यायचं म्हणतेस, तर त्याआधी एवढं कर. प्रोग्रॅम लागोपाठ दोनदा चालव, दुसऱ्या खेपेला एकही नवा फोल्डर होता कामा नये. मग दोन खिडक्यांतून एकदमच चालव. मग मोठी डिस्क काढून ठेव आणि चालव, त्याने एक अक्षरही न लिहिता थांबायला हवं. मग 'पैठन', 'बु.', ४५/२/१ आणि दोन्ही तऱ्हांचा 'कऱ्हाड' असलेल्या पाच खोट्या नोंदी दे. विंडोजच्या मशीनवरही चालवून बघ, कारण शेवटी बघणारा तिथूनच बघणार. काय निघालं ते फोनवर सांगू नकोस, एररचा मजकूर जसाच्या तसा पाठव. फोनवर तू नेहमी म्हणतेस, 'काहीतरी परमिशनचं आलं'.

ताईला नमस्कार सांग. मामी म्हणते, रविवारी येणार असशील तर आधी कळव.

तुझा,
मामा